शोभेच्या झडपा

३ फेब्रुवारी, रविवार
साडूच्या घराचे फोटो आले. खिडक्यांना बाहेरून, दोन्ही बाजूंच्या भिंतीवर लाकडी झडपा. उघडत नाहीत, मिटत नाहीत, नुसत्या शोभेच्या. साडूने स्वतःच्या हाताने केल्यात म्हणे. मेहुणीचं फोनवर सारखं, हे यांनी केलं, ते यांनी केलं. बायकोने फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत माझ्याबद्दल हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. खरं सांगायचं तर लागलं मनाला.

निश्चय: आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीला झडपा. २४ तारखेला दोघं जेवायला येणार आहेत. बहिणीसमोर हिला ते वाक्य म्हणायला लावणारच.

४ फेब्रुवारी
ही म्हणाली, सुतार बोलवा. हसलो. जी वस्तू उघडायची नाही, मिटायची नाही, तिच्यात चुकायला जागाच कुठे आहे?
रंग: हिरवा. निम्मं काम झालं.

९ फेब्रुवारी
आठवडाभर विचार चालू होता. तेही कामच.
मापं घेतली. स्टीलचा टेप सापडेना, म्हणून हिचा शिवणकामाचा. त्याचा पहिला इंच केव्हाच तुटलाय. ही दर मापातून एक वजा करते. मी सगळं एकदम शेवटी वजा करणार. खिडकीच्या एका बाजूला पाण्याचा पाइप, दुसरीकडे भिंतच संपते. मधे झडपा चपखल बसतील.

१० फेब्रुवारी
लाकूड कापून आणलं. दुकानदाराने विचारलं, मापं नक्की ना? असल्या प्रश्नांनीच माणसाचा आत्मविश्वास जातो. कागद पुढे केला.

१७ फेब्रुवारी
जोडणी. डावी झडप किंचित कलते. साडूच्या झडपा फारच सरळ आहेत, त्यांत जिव्हाळा नाही.
हिने विचारलं, एक वजा केलात ना? तोंडात स्क्रू होते. मान हलवली. मान हलवण्याचे अर्थ अनेक होतात.

२३ फेब्रुवारी, शनिवार
बसवल्या! पाइप आड आला म्हणून एक झडप इंचभर खिडकीवर सरकली. मग दुसरीही तशीच घेतली, नाहीतर विजोड दिसलं असतं. यालाच डिझाइन म्हणतात. स्क्रू मारले, शिवाय मागे ग्लू. स्क्रूंवर पुट्टी, वर रंग. आता भूकंप आला तरी हलणार नाहीत.
ही खिडकी उघडायला गेली. म्हटलं, रंग ओला आहे, उद्या उघड.
आमची खिडकी बाहेर उघडते. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो. थंडीचे दिवस आहेत, खिडकी हवी कशाला?

२४ फेब्रुवारी, दुपार
साडू गाडीतून उतरला आणि झडपांकडे बघतच राहिला. हेवा.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
बोलण्याच्या नादात हिची कढई गॅसवर राहिली. घरभर धूर. मेहुणीने खिडकी ढकलली. साडूने ढकलली. मीही ढकलली, जणू मला काही ठाऊकच नाही. मेहुणी खोकत खोकत म्हणाली, अगं, ही खिडकी उघडत का नाही? हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काचेतून दिसणाऱ्या झडपांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, हे यांनी केलं.
शब्दन् शब्द तोच. बहिणीसमोर, साडूसमोर.
मग आम्ही सगळे अंगणात, ताटं मांडीवर घेऊन. जेवण झाल्यावर साडूने पटाशीने झडपा उचकटल्या. मी टॉर्च धरला. ग्लू मात्र पक्का लावलाय हं, असं तो म्हणाला. भिंतीचं प्लास्टरही झडपांबरोबर आलं.
धूर पाहून शेजारीण आधीच धावत आली होती. ही तिलाही म्हणाली, हे यांनी केलं. मग समोरच्या काकांना. मग फोनवर आईला.
शेवटी मीच म्हटलं, पुरे झालं कौतुक.