बाबांच्या गाडीचा नवा रेडिएटर

३ फेब्रुवारी, सोमवार

आला! अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आला एकदाचा! हातात घेतला तर काही वजनच नाही. जुना पितळी उतरवताना कंबर धरली होती माझी. दादाने लांबूनच शेरा मारला — "म्हातारीला नवी कवळी कशाला? भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय मी."

बोल म्हणावं! मागच्या वर्षी गाडी घाटात उकळली, तेव्हापासून बाबा आत्याकडे गेलेच नाहीत. आत्या घाटमाथ्यावर एकटी, गुडघ्यांनी जखडलेली. दादाच्या गाडीने जा म्हटलं की बाबांचं एकच पालुपद — "बहिणीकडे जाईन तर माझ्या गाडीने." हट्टी तो हट्टी! अशाने दोघांची भेट राहूनच जायची, याची मला धास्ती. रविवारी घाट चढायचाच. उकळली तर दादा म्हणेल ते.

४ फेब्रुवारी

मेकॅनिक बोल्ट थेट लोखंडी फ्रेमवर आवळायला निघाला. हातच धरला त्याचा! मध्ये रबर हवं — नाहीतर गाडी हादरली की अ‍ॅल्युमिनियमला तडा. "ताई, जावयाचेसुद्धा इतके लाड करत नाहीत कुणी," म्हणाला. पण घातलं रबर.

५ फेब्रुवारी

चालू केली. तापमानाचा काटा थेट लाल रेषेवर! दादा दारात, हसू दाबत. जेवले नाही.

६ फेब्रुवारी

मूर्ख मी! इंजिन गार ठेवणारं कूलंट भरताना हीटरचा नॉब बंदच राहिला होता. आत हवा अडकलेली! आज इंजिन गार असताना झाकण काढलं, नॉब उघडला, गाडीचं तोंड चढावर केलं आणि चालू ठेवली — बुडबुड, बुडबुड, सगळी हवा बाहेर! वरून कूलंट घातलं. काटा मध्यावर जाऊन बसला तो बसलाच. अंगणात नाचले. शेजारीण खिडकीतून बघत होती. बघू दे!

७ फेब्रुवारी

सकाळी बघते तर बाबा बॉनेट उघडून, हातात पाण्याचा जग! "रोज पाणी पाजतोय हिला इतकी वर्षं. आता तहानलेली ठेवू?" अर्धा जग ओतूनही झाला होता. मी किंचाळलेच. आमच्या नळाचं पाणी असं की किटलीत पांढरा थर बसतो. तेच पाणी अ‍ॅल्युमिनियमला खातं!

सगळं काढलं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घालून पुन्हा भरलं, पुन्हा हवा काढली. बाबा पाने हातात देत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "मग आता मी रोज काय करू?" गाडी गार असताना पातळी बघायची, कमी दिसली तर मला हाक मारायची — हे काम दिलं त्यांना. स्वारी खूश!

८ फेब्रुवारी

उद्या. पातळी तीनदा बघून झाली.

९ फेब्रुवारी, रविवार

चढलो!! बाबा स्टिअरिंगवर, मी शेजारी, डोळे काट्यावर. मागून दादा त्याच्या गाडीतून, ओढायचा दोर घेऊन — शहाणा! शेवटच्या वळणावर काटा हलला. बाबांचा पाय ब्रेककडे.

"थांबू नका! झेपेल तिला!" ओरडले मी. बाबांनी गिअर उतरवला. काटा थोडा थरथरला... आणि खाली आला. आला खाली! मग माथ्यापर्यंत बाबांचा हात हॉर्नवरून निघेचना.

आत्या काठी टेकून दारातच उभी. बाबा उतरल्याबरोबर कान धरला त्यांचा — "वर्ष झालं रे, गाढवा!" दोघंही रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू? दादाने बॉनेट उघडून आत नीट बघितलं. "मानलं बाई तुला," म्हणाला. पुन्हा म्हणायला लावलं मी!

११ फेब्रुवारी

सकाळी गॅरेज रिकामं. बाबा नाहीत, फोन घरातच. जीव टांगणीला लागला. दुपारी फाटकाशी हॉर्न. बाबा एकटेच घाट चढून गेले होते — परतताना शेजारच्या सीटवर आत्या, मागे तिची ट्रंक, गादी, शिवणयंत्र.

"राहायलाच आलेय गं," ती म्हणाली. "माझी खोली कुठली?"