बुधवारची भिंत आणि टाकीतलं पाणी

रिडलथ्वेट पंपघर, यॉर्कशायर
१७ सप्टेंबर १९७४

तीर्थरूप विल्फ्रेडमामांच्या चरणी भाचा अरनॉल्ड सग्डेन याचा नमस्कार. (पायांवर डोकंच ठेवलं असतं, पण मध्ये चाळीस मैल आणि तुमचा सुजलेला अंगठा आहे.) अंगठा आता कसा आहे? शेजाऱ्यांचा तो कुत्रा अजून तुमच्या गुलाबांत येऊन लोळतो का? आम्ही सगळे मजेत आहोत. हिल्डाच्या मुरंब्याला यंदा जत्रेत दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं पाद्रीबुवांच्या बहिणीला मिळालं, त्यामुळे सध्या आम्ही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. बाकी तक्रार नाही. फक्त हिल्डाचं स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे धावतं आणि मी रोज जेवायला तासभर उशिरा येतो म्हणून ती मला बोलते. बायकांच्या घड्याळाशी कोण वाद घालणार?

तुमचं पत्र पोचलं. टीव्हीवर कोणता कार्यक्रम किती वाजता लावायचा हे तुम्ही ठरवता, तेव्हा तुमच्यापुढे मी काय बोलावं! पण ऑक्टोबरपासून 'भिंत' बंद, हे वाचून जीव खालीवर झाला. सेथ माझा मेहुणा आहे म्हणून मी बोलत नाही. बिनचुन्याची दगडी भिंत कशी रचावी हे अर्धा तास शांतपणे दाखवणारा दुसरा माणूस तुम्हाला उभ्या इंग्लंडात मिळणार नाही. (चार वर्षं तो आमच्या सोफ्यावर मुक्कामाला होता. एप्रिलात हा कार्यक्रम मिळाला आणि तो मासळीवाल्याच्या माडीवर खोली घेऊन गेला. कार्यक्रम गेला की खोली जाईल, आणि खोली गेली की तो कुठे येईल हे तुम्हाला सांगायला नको.)

तुम्ही लिहिता, आमच्या खोऱ्यात 'भिंत' बघणारे शून्य. मामा, शितावरून भाताची परीक्षा हे मलाही मान्य आहे. पण तुमच्या मोजणीवाल्यांनी या अख्ख्या खोऱ्यातून शीत उचललं ते एकच, अॅक्रॉयडबाईंचं घर. त्यांच्या टीव्हीखाली ती मोजणीची पेटी बसवली. ही गोष्ट गुप्त ठेवायची असते म्हणे, म्हणून बाईंनी ती फक्त दुकानातच सांगितली. आता बुधवारी सात ते नऊ बाई चर्चच्या घंटा वाजवायच्या तालमीला जातात. पेटी बिचारी अंधारात बसून शून्य लिहिते, आणि त्या शून्याला हजारोंनी गुणून तुम्ही सेथची भाकरी काढून घेता!

म्हणून तर मी तुम्हाला टाकीतल्या पाण्याची पातळी नोंदणारे माझे कागद पाठवले होते. लोक टीव्ही बघतात तेव्हा जागचे हलत नाहीत. कार्यक्रम संपला की सगळं खोरं एकदम उठतं, निम्मे चहाचं आधण ठेवतात, निम्मे संडासात जातात, आणि इथे माझ्या टाकीच्या कागदावर सुई खड्डा काढते. एप्रिलपासून प्रत्येक बुधवारी पंपघराच्या घड्याळात आठ वाजले, म्हणजे 'भिंत' संपली, की खड्डा. असा खड्डा राजघराण्याच्या लग्नालाही पडला नव्हता. पेटी खोटं बोलेल, मामा, पण पाणी कशाला बोलेल?

तुम्ही मोठ्या मनाने दोन साहेबांना गेल्या बुधवारी खात्री करायला धाडलंत. त्यांनी परत येऊन जे सांगितलं ते खरं आहे, पण अर्धवट. मी कुणालाही बोललो नव्हतो. (हिल्डाला बोललो होतो.) साहेबांची मोटार आली तेव्हा धरणाच्या बांधावर दीडशे माणसं आधीच चादरी पसरून बसली होती. अंड्याची सँडविचेस, आल्याचा केक, कुणाचा तरी बाजा. टीव्ही कोण बघतं हे बघायला शहरातून माणसं येणार म्हटल्यावर घरी बसून टीव्ही कोण बघणार? सेथ स्वतःही आला होता. त्याच्याभोवती पाचसहा जणांनी कडं करून आपापल्या पडलेल्या भिंतींची दुखणी सांगितली, आणि तो एकेकाला तपासत होता. एक साहेब मनगटाकडे बघून म्हणाला, "आठ झाले." सुई ढिम्म हलली नाही. दुसरा म्हणाला, "सग्डेन, तुमचं खोरं बद्धकोष्ठाचं दिसतंय." ते गेले, लोकही पांगले, आणि मग पाऊण तासाने सुई अशी धाडकन खाली आली की मी पंपाला हात जोडले! दीडशे माणसं एकदम घरी पोचल्यावर दुसरं काय होणार? तेव्हा त्या एका संध्याकाळवरून निकाल देऊ नका. हात दाखवून अवलक्षण झालं, एवढंच.

हिल्डाने मामींना मुरंब्याची बरणी पाठवली आहे. (दुसऱ्या बक्षिसाची.)

तुमचा आज्ञाधारक,
अरनॉल्ड

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच सेथ आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "दाजी, आता तरी हे तासभर पुढे करा. उन्हाळ्याची वेळ म्हणून मार्चात सगळ्या देशाने केलं." मामा, माझे आठ म्हणजे तुमचे नऊ. तो खड्डा 'भिंत' संपल्याचा नाही, दुसऱ्या वाहिनीवरची खुनाची मालिका संपल्याचा आहे. म्हणजे हिल्डाचं घड्याळ बरोबर होतं. हे तिला कसं सांगू ते कळत नाही.

ता. क. दुसरं. मी सेथला विचारलं, तुला केव्हापासून माहीत होतं? म्हणाला, मे महिन्यापासून. मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, "दाजी, माझ्यासाठी इतकी धावपळ आजवर कुणी केली नव्हती. म्हटलं, चालू दे." मला फार लाज वाटली. धावपळ सोफ्यासाठी होती हे तेवढं त्याला कळू देऊ नका. 'भिंत' खुशाल बंद करा. हिल्डाने सोफ्यावर रजई घालूनही ठेवली आहे.

ता. क. तिसरं, आणि मुद्द्याचं. तुमच्या गुलाबांना कुत्र्यापासून वाचवायला भिंत हवीच आहे. सेथ गुरुवारच्या दहा चाळीसच्या गाडीने येतो आहे. चहात तीन चमचे साखर घेतो. दगड स्वतः निवडतो, तेव्हा दोन महिने तरी धरून चाला. घाई करू नका. पण फार उशीरही लावू नका, मामा. तो टीव्हीवरही नाही आणि सोफ्यावरही नाही, म्हणजे बुधवारी साडेसातला घर अगदी गप्प होईल, आणि हिल्डा घड्याळाचा विषय काढेल.