डब्यांचं गाणं

४ जून

डबे! जेवणाचे डबे! खाणीत सहा माणसं छताखाली चिरडली, आणि या बाईने गाणं केलं ते त्यांच्या डब्यांवर!

काल बार्नीच्या पबमध्ये कोरलीने ते पहिल्यांदा गायलं. एकेक कडवं म्हणजे एकेकाचा डबा. त्या दिवशी कुणाच्या डब्यात काय होतं, बस्स. पॅस्कोच्या डब्यात दोन उकडलेली अंडी – त्यातलं एक न खाता परत आणायचा, धाकटीसाठी. कंपनीला शिव्या नाहीत. छत धरून ठेवणाऱ्या बोल्टचे पैसे वाचवले, त्याबद्दल अक्षर नाही. आणि तरी सगळा पब चिडीचूप! बार्नीने ग्लास पुसायचं थांबवलं. माझ्या गाण्याला तो कधी थांबला नव्हता.

नंतर मला म्हणतो कसा, "थेल, खाण कोसळल्याला यंदा दहा वर्षं होतायत. हॉलमध्ये एकच गाणं होईल. तुझं की तिचं ते समिती ठरवू दे."

ठरवू दे? नऊ वर्षं दर सत्तावीस जूनला माझंच झालंय. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

५ जून

गिटारच्या पहिल्या तीन कॉर्ड कोरलीला मीच शिकवल्या, शाळेत. चौतीस वर्षांची झाली, बेकरीत मटण भरलेल्या 'मीट-पाय' विकते, अजून मला 'मिस' म्हणते. त्या 'मिस'नेच जास्त डोकं फिरतं.

९ जून

एक गोष्ट लक्षात आली आणि मनाला फार बरं वाटलं. त्या दिवशी सहा कडवी संपल्यावर कोरली म्हणाली होती, "अजून एक आहे. ते इतक्यात नाही."

माणसं सहा, कडवी सात! सातवं कंपनीवर असणार आणि बाई घाबरलीय. किंवा – हे जास्त छान – तिने आमचा नियम मोडलाय. मेलेल्या माणसावर गाणं केलं, तर ते आधी त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात म्हणायचं. टेबलाशी बसून, घरच्यांसमोर. घरचे नको म्हणाले की गाणं संपलं. टॅस्मानियाच्या या कोपऱ्यात हा नियम मीच घातला, वीस वर्षांपूर्वी. एक जरी घर तिने चुकवलं असेल, तरी समितीला सांगायला मी मोकळी.

माझ्या गाण्यात सहाही नावं आहेत. रक्त आहे, नफा आहे, साहेबांच्या गाड्या आहेत. आणखी काय पाहिजे?

मर्व्हचं नाव नाही, पण तो खाणीत मेला नव्हता. माझा भाऊ त्या दिवशी छत तपासून, भिंतीवर खडूने 'ठीक'ची खूण करून वर आला होता. बोल्ट कमी आहेत हे त्याने तीनदा साहेबांना लेखी कळवलं होतं. चौकशीत तो कागद कुणाला सापडला नाही, खडूची खूण तेवढी सापडली. आठ महिन्यांनी तळ्यावर त्याची बोट उलटली. अपघात. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

१२ जून

पॅस्कोच्या बायकोकडे, आयव्हीकडे गेले. सहज आल्यासारखं दाखवलं.

"कोरली? आली होती की, मार्चमध्ये. दोन तास बसली. अंड्याचं मीच सांगितलं तिला." मग कप विसळता विसळता म्हणाली, "तू आली होतीस ना थेल, तेव्हा गाऊन लगेच निघालीस. चहा तसाच राहिला होता बघ."

दहा वर्षांपूर्वीचा चहा! लक्षात कसा राहतो या बायकांच्या?

१५ जून

सहाही घरं पालथी घातली. कोरली सगळीकडे जाऊन आलीय. मेली!

२० जून

समितीने तिचं गाणं घेतलं. बार्नी सांगायला आला तर टोपी हातात. "वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, "छे, मला कसलं वाईट वाटतंय." तो गेल्यावर माझ्या गाण्याचा कागद फाडला. मग चिकटपट्टी लावून जोडला. एक ओळ उलटी चिकटली आहे.

२२ जून

दुपारी दारात कोरली. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात बेकरीतली गरम मीट-पाय. म्हटलं, आता ही माझी समजूत काढणार! म्हणाली, "मिस, एक घर राहिलंय."

मला कळेनाच. ती येऊन टेबलाशी बसली. मर्व्हच्याच खुर्चीवर.

"सातवं कडवं त्याचं आहे. माझ्या बाबांनी बोट ओढून काढली होती ना, तेव्हा डबा काठावर होता. झाकण उघडलेलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही."

आणि गायली. चीज आणि लोणच्याचं सँडविच, केकचा एक तुकडा. तो डबा मी भरला होता. केक मोठा कापला होता, कारण दोन दिवस तो काही खात नव्हता. शेवटची ओळ अशी – तोही त्याच पाळीला उतरला होता, फक्त आठ महिने उशिरा पोचला.

मी म्हटलं, "नको."

"बरं, मिस."

"आणि अपघात होता तो! कळलं?"

ती गिटार उचलून गेली. तिचं गाणं मी अपुरं केलं, म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालासुद्धा, पाचएक मिनिटं. मीट-पाय ओव्हनवर तशीच पडून आहे.

२३ जून

वीस वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांचं दुःख गाऊन आले. माझ्या घरात काय झालं ते मात्र कुणाला सांगितलं नाही. अपघात नव्हता; बोट मर्व्हनेच उलटवली. लिहिलं एकदाचं.

२७ जून

हॉल भरला होता. सहा कडवी झाली. मग कोरली नुसतीच वाजवत राहिली, शब्दांवाचून. मला दिलेला शब्द पाळला तिने. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मी उभी राहिले. एकदाच ऐकलं होतं, पण पाठ होतं. सातवं कडवं मी गायले, मर्व्हचं नाव घेऊन. बसताना आयव्हीने माझा हात धरला, तो सोडला नाही.

भाऊ माझा, डबा मी भरलेला – आणि ती ओळ सुचली तिला!