वेळेआधी पोचलेली बारात

गोरखपूर, जबलपूर
रविवार, दुपार

ती. अण्णांना धाकट्या विभावरीचा नमस्कार, आणि वहिनींना तितकाच वाकून.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, ते वहिनींनी सांगितलं, पण चढताना म्हणाल्या की उतरताना, तेच मी विसरले. नागपूरचं ऊन बाधत नसेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक. प्रणोती भोपाळच्या नोकरीत रमली आहे, आठवड्यातून एकदा फोन करते आणि तिकडून हिंदीत बोलते, मी इकडून मराठीत बोलते, दोघींचं छान चाललं आहे. ह्यांची तब्येतही बरी आहे. मधे काही दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते, पण ते कारण पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही अर्धं ऐकता, "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. ही बातमी अर्धी ऐकण्यासारखी नाही. अण्णा, मी ड्रम शिकून राहिले आहे. (चष्मा पुसू नका, बरोबर वाचलंत. तबला नाही, ढोलकी नाही. ऑर्केस्ट्रात मागे बसून दोन काड्यांनी वाजवतात तो, पायाखाली एक मोठा आणि डोक्याशी झांजा असलेला.)

झालं असं की ऑफिसातल्या हर्षाच्या मुलीच्या लग्नाआधीच्या संगीताला ड्रमवाला जेवायला उठला आणि त्याचं स्टूल रिकामं दिसलं. मी नुसतं टेकायला म्हणून बसले. काड्या समोरच होत्या. एक मारून पाहिली, मग दुसरी, मग काय झालं मला नीट आठवत नाही, पण पोरी नाचायला लागल्या आणि ड्रमवाला हातात गुलाबजाम घेऊन परत आला तरी मी उठेना. घरी येताना स्कूटरवर ह्यांना म्हटलं, मला हे शिकायचं आहे. हे म्हणाले, "काहून?" एवढंच. अण्णा, नोकरीभर आणि संसारभर मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, पण याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि उत्तर नसतानाही करावंसं वाटणारी ही माझी पहिलीच गोष्ट. म्हणून हट्टाला पेटले.

पहिले सर इथेच गोरखपूरच्या बाजारात मिळाले. काचेचं दार, आत एसी, सरांचे केस मागे बांधलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर खुर्चीवर बसवलं आणि तासभर स्वतः वाजवलं. काय वाजवलं, अण्णा. काड्या हवेत उडवायचे, झेलायचे, मान झटकायचे. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीही त्यांनीच वाजवलं, मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. असं बरेच दिवस चाललं. एकदा मी भीत भीत विचारलं, सर, मी कधी बसू? तर म्हणाले, "पहले आँखों से सीखिए." शेवटी एकदा काडी उडाली ती पंख्याला लागून माझ्या पर्सवर येऊन पडली, तेव्हा कुठे ड्रमची काडी माझ्या हातात आली. ती मी अदबीने परत केली आणि घरी आले. त्या क्लासात मी टाळ्या मात्र उत्तम शिकले.

मग कोणीतरी आधारतालकडच्या नथ्थूजींचं नाव सांगितलं. हे बँडमास्टर. लग्नाच्या बँडचे. इथे नेमकं उलटं होतं. त्यांनी आल्याआल्या गळ्यात ड्रम अडकवला आणि म्हणाले, "बजाओ दीदी." मी वाजवलं. "वाह दीदी." मी चुकले. "क्या बात है दीदी." आयुष्यात मला इतकं कोणी नावाजलं नव्हतं (तुम्हीही नाही, अण्णा, मॅट्रिकला पहिली आले तेव्हा तुम्ही गणिताचे गेलेले मार्क विचारले होते). मी तरंगत घरी यायचे. आणि मग ऐन लग्नसराईत त्यांचा एक ड्रमवाला गावी निघून गेला. नथ्थूजी म्हणाले, "दीदी, बस एक बारात." मी आढेवेढे घेतले, पण खरं सांगते, मनातून मला कोण आनंद झाला होता. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, टोपी. कोट पोटावर बसेना, म्हणून वरून ड्रम घट्ट बांधला.

हे त्या दिवशी ऑफिसातल्या कोणाच्या तरी मुलाच्या लग्नाला जायचे होते. कोणाच्या, ते मी विचारलं नव्हतं. लग्नसराईत जबलपुरात गल्लोगल्ली मांडव असतात, हे नेमके आमच्याच बँडच्या पुढे नाचत असतील असं कोणाच्या ध्यानात येईल? बारात निघाली, मी वाजवायला लागले, आणि समोर पाहते तर हे. दोन्ही हात वर करून. अण्णा, आमच्या लग्नात हा माणूस खुर्चीवरून उठला नव्हता. नाचत नाचत माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "भैया, जरा जोर से." मग टोपीखालचा माझा चष्मा ओळखला. हात वरच राहिले, पाय थांबले.

ते थांबले आणि मी घाबरले. घाबरले की माझे हात पळतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी जलद, म्हणून ढोलवाला जलद, म्हणून पिपाणीवाले जलद, नाचणारे आधी उड्या मारायला लागले आणि मग सरळ चालायलाच लागले, मागून घोडी दुडक्या चालीने. वरमाईने चपला हातात घेतल्या होत्या. वाटेत जी चौकाचौकांत थांबून नाचायची बारात, ती कुठेच न थांबता मांडवात पोचली. तिथे अजून सतरंज्या अंथरणं चाललं होतं. नवरीचे वडील टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण लावून दाढी करत दारात उभे. ते आमच्याकडे पाहून राहिले, आम्ही त्यांच्याकडे. नथ्थूजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाह दीदी."

त्या 'वाह'ने माझे डोळे उघडले. हा माणूस मला कधीच काही सांगणार नाही, हे कळलं. कोट परत केला. हे त्यानंतरच बोलत नव्हते.

सोडून देणार होते, अण्णा. काड्या कपाटावर टाकल्यासुद्धा. पण हर्षाने रांझीच्या अवंतिकाचं नाव काढलं. पंचविशीची पोर, वडील फॅक्टरीत, मूळचे आपल्या अमरावतीकडचे, भाड्याच्या घरात वरच्या खोलीत शिकवते. नोकरीभर ज्या बसने रांझीला गेले त्याच बसने गेले. तिने मला वाजवायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. मधे वाह नाही की मान हलवणं नाही. संपल्यावर म्हणाली, "काकू, एक सांगू? तुम्ही वाजवत नाही, पळून राहिल्या. काहून पळता? मागे कोण लागलं आहे?"

मला राग आला. आपल्या मुलीएवढी पोर. तरातरा घरी आले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. थोड्या वेळाने हे ताटावरून म्हणाले (इतक्या दिवसांनी पहिलंच वाक्य), "अगं, माझी पहिली संपली नाही, तू चौथी वाढून राहिली." मी लाटणं खाली ठेवलं आणि तिथेच ओट्याशी उभी राहिले. खरंच, मागे कोण लागलं होतं? कुकर, डबे, बस, साहेब, प्रणोतीची शाळा. ते सगळे केव्हाचे गेले. मीच थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परत गेले. अवंतिकाने "या काकू" एवढंच म्हटलं, समोर रबराची गादी ठेवली आणि स्वतः दुसरी घेऊन बसली. तिची काडी पडेल तेव्हाच माझी पाडायची. बस. किती दिवस तेवढंच. ती मधेच थांबायची आणि मी एकटीच पुढे निघून जायचे, मग दोघी हसायचो. आणि मागच्या बुधवारी, अण्णा, ती थांबली आणि मीही थांबले. तेव्हाच. खोलीत आवाज नव्हता आणि तरी ताल चालू होता, मला तो ऐकू येत होता. मग दोघींनी एकदम सुरुवात केली तर आवाज एकच आला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "आता ड्रमवर बसा."

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणाला गुरू हवा असेल तर सांगा: जो स्वतःच वाजवतो तो नको, जो नुसतं वाह म्हणतो तो नको. जो डोळे मिटून ऐकतो आणि मग राग येईल असं काहीतरी बोलतो, त्याचे पाय धरा.

वहिनींना सांभाळा, गुडघ्याला तेल लावा. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना माझ्यातर्फे एकेक धपाटा, तालात.

तुमची,
विभावरी

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. अवंतिकाच्या खालच्या भाडेकरूंना आवाज सोसवेना, घरमालकाने क्लास बंद करायला सांगितला आहे. तुमचं इथलं महाराजपूरचं घर बंदच असतं, किल्ली माझ्याकडेच पडून आहे. तिथे तिला शिकवू द्याल का? नीट विचार करून कळवा, घाई अजिबात नाही.

आणखी एक. ड्रम कालच तिथे नेऊन ठेवले. उचलायला हे होते, स्वतःहून आले. सोफा व्हरांड्यात आहे, वर ताडपत्री घातली आहे.

आणि शेवटचं. शेजारच्या अंजनीबाईंचा फोन येईल. तुमच्या देवघराच्या भिंतीला गाद्या ठोकल्या आहेत तो आवाज तुम्हीच सांगितलेल्या दुरुस्तीचा आहे, असं मी त्यांना म्हटलं आहे. तेवढं "बरं, बरं" म्हणा आणि ठेवून द्या.