बाजूबाजूला बसण्याचं अर्थशास्त्र

आई, तुला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला आठवलं, तुला वाचता कुठे येत होतं!

तेव्हा मी कामोठ्यात बारावीच्या शिकवण्या घ्यायचे. मागणीचा नियम मुलांकडून घोकून घ्यायचे. मला तरी तो कुठे नीट कळला होता? मग नवा फोन घेतला आणि अर्थशास्त्राचे इंग्रजी पॉडकास्ट ऐकायला लागले. आवाज मोठा यावा म्हणून फोन रिकाम्या पातेल्यात ठेवायचे. तू पनवेलच्या बाजारात मासळी विकून आलेली असायचीस. स्वयंपाकघरात पाय पसरून चहा पिता पिता म्हणायचीस, "काय बोलतंय तो बाबा? मना पन सांग."

एका दुपारी तो सांगतोय, एकच माल विकणारे एकमेकांना खेटून दुकानं का मांडतात. सगळ्यांनाच मोक्याची जागा हवी असते, असं त्याचं म्हणणं. मी थांबवून थांबवून तुला मराठीत सांगतेय. तू कप खाली ठेवतेस.

"तो कदी टोपली घेऊन बसलाय का? आमी बाजूबाजूला बसतो म्हनून तर गिऱ्हाईक येते. चार जनींचा म्हावरा बघितला की त्याला कळते, ताजा कुठला. एकटी बसले तर माज्यावर भरवसा कोन ठेवल? आनि मुतायला गेले तर टोपली कोन बघल?"

मी हसून हसून लोळले. पण तुझं म्हणणं डोक्यातून जाईना. तोवर मी दुसऱ्यांचे ब्लॉग नुसते वाचत होते; त्या आठवड्यात स्वतःचा पहिला लेख लिहिला. अनोळखी माणसांच्या प्रतिक्रिया आल्या. तू म्हणालीस, "वाच, मी काय बोलले ते."

मी वाचलं, "माझी आई पनवेलच्या बाजारात मासे विकते. हे मला तिने शिकवलं."

तू ओले हात पदराला पुसलेस. "परत वाच तेवढंच." मी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी तू रांगेतल्या सगळ्या बायकांना सांगून आलीस, पोरीनं मना कंप्युटरमधे घातलं.

आई, स्क्रीनवर तसं नव्हतं. तिथे होतं, "माझ्या ओळखीच्या एक मासेविक्रेत्या बाई." शिकवणीच्या मुलांचे पालक वाचतील, याची मला लाज वाटली होती. वाचता वाचता मी ओळ बदलली.

वर्षभरात तू गेलीस. लेख अजून तसाच आहे. दुरुस्त का करत नाही, असं मीच मला विचारते आणि ब्लॉगचा पासवर्ड विसरले म्हणून सांगते.

विसरलेले नाही.