एकाच लाईनीची दोन नावं

३ नोव्हेंबर, सोमवार

लाईट जाणार असली की गावाला आधी मेसेज जायचा — माझं काम एवढंच. बिलाच्या कॉम्प्युटरमधली गिऱ्हाईकं आणि नकाशाच्या कॉम्प्युटरमधले खांब यांची गाठ मारून द्यायची. दोघांचं पटत न्हाय. आमचा भाग सीमेवरचा; बिलवाल्यांनी गावांची नावं मराठीवरनं लिहिलीत, नकाशावाल्यांनी कन्नडवरनं.

आज पहिला मेसेज सोडला. लाईट जाणार होती लोंढ्याची, मेसेज गेला वडगावच्या यंत्रमागवाल्यांना. राजाबाई म्हणून एक बाई थेट ऑफिसात. "लाईट तेवढी घालवा बघू. लाईट न्हाय म्हटल्यावर सुट्टी म्हणून सुना माहेरी गेल्यात, आता माग कोण चालवणार?"

आमचे नागेंद्र साहेब खूश. "मेसेज पोचला न्हवं?"

४ नोव्हेंबर

लोंढ्यातनं फोन — काल लाईट गेलती, कुणी कळवलं न्हाय. वडगावला कळवलं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांचं नवीन. तक्रार आली की आता सिस्टिमच लाईनमन धाडणार. काम झालं की त्यानं खांबाचा फोटो पाठवायचा, फोटो आला की पडद्यावर गाव हिरवं होणार. कंट्रोल रूममधनं लाईन बंद-चालू करतात ते मारुतीराव म्हणाले, "फोटोत खांब हसला पाहिजे काय?" साहेब सोडून सगळे हसले.

मी म्हटलं, नावं अजून जुळली न्हायत, थोडं थांबूया. "सोमवारी वरनं साहेबलोक येणार. चालू पाहिजे."

१० नोव्हेंबर, सोमवार



कोगनोळीतनं दोन तक्रारी आल्या. एक मराठीत, एक कन्नडमध्ये. सिस्टिमनं दोन गावं धरली — कोगनोळी आणि कोगनोळ्ळी. लाईनी पण दोन धरल्या. जमिनीवर लाईन एकच. मारुतीरावांनी ती बंद केली आणि दोन टोळ्या गेल्या. भरमूअण्णांची ह्या टोकाला, साईराजची त्या टोकाला. मध्ये नुसता ऊस, एकमेकांना दिसायचं कारणच न्हाय. इकडं पाहुणे चहा पीत पडद्याकडं बघत होते — एका वेळी दोन गावं, वा!

भरमूअण्णांचं काम संपलं. पडद्यावर कोगनोळी हिरवी झाली. मारुतीराव लाईन चालू करायला वळले, आणि माझा फोन वाजला. साईराज.

"आक्का, फोटो जाईना झालाय. एका हातानं खांब धरून किती वेळ बसू?"

"वरच हाईस? कोगनोळी का कोगनोळ्ळी?"

"दोन कुठं असत्यात आक्का? एकच हाय की."

खुर्ची पाडून पळाले. मारुतीरावांचा हात दोन्ही हातांनी धरला, पाहुण्यांसमोर. "माणूस हाय वर," म्हटलं.

मारुतीरावांनी हात मागं घेतला. मी जाऊन सिस्टिमच बंद केली. साहेब म्हणाले, चालू कर. केली न्हाय.

११ नोव्हेंबर

वरनं शाबासकी आली. साहेबांनी कळवलंय — धोका ओळखून सिस्टिम आपोआप थांबली. वरचे म्हणतात, ही सोय सगळ्या जिल्ह्यात बसवा.

"सोय कुठाय, साहेब?"

साहेबांनी शाबासकीचा कागद फाईलीत घातला. "बसव की गं कायतरी."

घरी येऊन वरच्यांना मेल केला. सोय न्हाय. लाईनमनचा फोटो गेला न्हाय म्हणून त्यानं फोन केला. गेला असता तर फोन आला नसता. खाली माझं नाव घातलं — दिपाली.

१३ नोव्हेंबर

साहेब बोलत न्हायत. मारुतीरावांनी डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्या पुढ्यात ठेवली.

दुपारी हुकूम आला. नावं जुळेपर्यंत सिस्टिम बंद.

१४ नोव्हेंबर

गावोगाव फिरतेय. कोगनोळीत विचारलं, तुमच्या गावाचं नाव नक्की काय? एक म्हातारा म्हणाला, "तुला कुठलं पाहिजे?"

१ डिसेंबर, सोमवार

सगळी नावं जुळली. सकाळी सिस्टिम परत चालू झाली. साहेबांनी पेढे वाटले, मला पण दिला.

थोड्या वेळानं साईराजचा फोन. खांबाखाली उभा होता.

"आक्का, मोबाईल म्हणतोय लाईन बंद हाय. तुमी काय म्हणताय?"

उठले. मारुतीरावांकडं जाऊन स्वतः बघून आले. मग म्हटलं, चढ.