दारात काढून ठेवलेली भाषा

३ मार्च, मंगळवार

बाबा बोलले! पक्षाघाताचा झटका आल्यानंतर पहिल्यांदाच, आज बाराव्या दिवशी. पण कामावरच्या भाषेत. तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली, तिथली भाषा. घरात ती कधी आलीच नाही — दारात जोडे काढायचे, तिथेच तीही काढून ठेवायचे. आईला त्यातलं अक्षर कळत नाही. नुसती मान डोलवत होती बिचारी. शेवटी मीच म्हणाले, "पाणी हवंय त्यांना."

दिवसभर कोर्टात याच भाषेच्या दुभाष्याचं काम, संध्याकाळी घरी तेच!

५ मार्च

वाचेचे व्यायाम घ्यायला येतात त्या बाई आज नीट समजावून गेल्या. दोन भाषांच्या माणसाच्या डोक्यात दोन्ही कायम जाग्या असतात म्हणे. एक बोलायची तर दुसरीला गप्प बसवावं लागतं. बाबांचं ते गप्प बसवणंच बिघडलंय. मराठी गेलेली नाही, दबून बसली आहे. "तुम्ही मध्ये सांगत राहिलात तर ती वर यायची कशी?"

पटलं. पण आईचा चेहरा बघवत नाही.

९ मार्च

कोर्टात फजिती! साक्षीदार मराठीत बोलला आणि मी न्यायाधीशांकडे वळून तेच पुन्हा मराठीत सांगितलं, वर जरा मोठ्याने. साहेब चष्म्यावरून बघतच राहिले. सगळे हसले, मीही हसले. या धंद्यात प्रत्येकजण कधीतरी असा घसरतो. पण घरी येताना मनात आलं, माझंही काही बिघडत नाहीये ना?

१२ मार्च

आमचा दुभाष्यांचा नियम — बोलणाऱ्याच्या जागी बसायचं, स्वतःचं काही बोलायचं नाही. 'ते म्हणतात' नाही, 'मी'. घरीही तोंडात तेच बसलंय. आज बाबांचं सांगताना आईला म्हणाले, "तुझ्या हातची कालची भाजी मला फार आवडली." आई चक्क लाजली! तेही बाबांकडे बघून. मी जणू खोलीत नव्हतेच. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

बाबा हल्ली प्रत्येक वेळी माझे आभार मानतात. जन्मात कधी कुणाचे मानले नव्हते. आईला सांगितलं तर म्हणाली, "दुखण्याने माणूस मऊ होतो गं."

१३ मार्च

आजपासून भाषांतर बंद. ठरलं म्हणजे ठरलं.

१६ मार्च

बाबा बोलतात, आई "हं हं" करते, मी जीभ दाताखाली धरून खिडकीशी बसते. आज त्यांनी रागाने वाटी लोटून दिली. आई माझ्यावर ओरडली, "सांग ना काय हवंय त्यांना! दगड आहेस का?" नाही सांगितलं. त्यांना फक्त ती जवळ बसायला हवी होती. आत जाऊन रडले.

२० मार्च

मराठी आली!! दुपारी आई उशी सारखी करत होती. बाबा म्हणाले, "अगं, तू जेवलीस का?" स्वच्छ, जुन्यासारखं. आई त्यांचा हात धरून हमसून हमसून रडली. मीही.

मग बाबांनी माझ्याकडे बघून मान लववली आणि आईला म्हणाले, "या दुभाषी बाईंनी आपल्यासाठी फार केलं. आता जाऊ दे त्यांना घरी. आपली पोरगी येईलच — तिलाही दोन्ही भाषा येतात."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी नियमाप्रमाणे गप्प बसले.